कानबाईपुढे गेलेली लाईट

इंदू गेल्याची पहिली चाहूल मला दळण घेऊन गेलेल्या एका बाईकडून लागली. दुपारची वेळ होती. ती बाई ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मोठी माय, इंदूकाकू दार उघाडी नही ऱ्हायनी. घंटीबी बंद शे." मी म्हटलं, "जपेल व्हई, दम धर." झोपली असेल असंच मला वाटलं. तरी उठले, कारण दुपारी झोपायची इंदूला सवय नव्हती. तिचं घर आमच्या मागच्या गल्लीत. कडी आतून लावलेली नव्हती, दार नुसतं लोटलेलं होतं. ती पीठ दळायच्या घंटीच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. पदर खांद्यावर नीट होता. हात लावला तेव्हा कळलं... मग माझा मुलगा संजय आला, गाडी आली, नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दवाखान्यात न नेताही ते मला कळलं होतं.

इंदू माझी धाकटी जाऊ. माझ्या मालकांचा सगळ्यांत धाकटा भाऊ भिका, त्याची बायको. भिका सुरतला मागावर कामाला होता. आमच्या कोरीट गावातली निम्मी पोरं तिकडेच जातात. तिथेच तो आजारी पडला आणि तिथेच गेला. इंदू पोरीला, वैशालीला, घेऊन गावी परत आली. मुलगा नव्हता. तिच्या भावाने तिला घरघंटी घेऊन दिली, म्हणजे घरात चालवायची छोटी पिठाची चक्की. त्या घंटीवर तिने वैशालीला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. ती फार चांगली बाई होती असं मी लिहिणार नाही. जिभेने तिखट होती. कोणाला वाटीभर साखर उसनी देताना तिच्या कपाळाला आठ्या पडत. दळणातलं मूठभर पीठ ती ठेवून घेते असं गल्लीतल्या बायका म्हणत, आणि ठेवत असावी असं मलाही वाटतं. पण एका गोष्टीत तिच्यावर अन्याय झाला आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. ती गोष्ट सांगण्यासाठी मी हे लिहिते आहे.

घंटी घरात आली तेव्हा ती बसवायला शहरातून एक माणूस आला होता. मी तिथेच बसले होते. त्याने इंदूला सांगितलं की हिला मोटर आहे, हिचा भार पंख्यासारखा नाही. हिची वायर जाड आहे ती उगाच नाही, आणि प्लगही मोठ्या पिनांचा आहे. तो छोट्या पॉइंटमध्ये जोडायला काहीबाही लावू नका, पातळ वायरीच्या बोर्डावर चालवू नका. चालेल, पण वायर आतून तापत राहील. आणि बोर्डावरच्या फ्यूजची तार वायरीपेक्षा कच्ची पाहिजे, म्हणजे भार वाढला की आधी ती तुटेल आणि घर वाचेल. त्याने हे सगळ्यांनाच सांगितलं असेल. लोक मान हलवतात आणि विसरतात. इंदू विसरली नाही. तिचा तो स्वभावच होता, एकदा डोक्यात बसलं की बसलं. भिका होता तेव्हा त्याच्याशीही ती अशीच भांडायची, चुलीतल्या लाकडावरून, दाराच्या कडीवरून. पुढे गल्लीत कोणाच्याही घरी गेली की ती आधी प्लगकडे बघायची. इस्त्रीची वायर चिकटपट्टीने जोडलेली दिसली की घरच्या बाईला बोलायची. लांब वायरीचं वेटोळं न सोडता कोणी कूलर लावला की स्वतः वाकून वेटोळं सोडायची. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणायची. लोक हसायचे. कोणाच्या घरी जाऊन त्यांच्या वायरी तपासणाऱ्या बाईला कोण चहा विचारतं?

आता कानबाईचं सांगते. खानदेशाबाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात. श्रावणात एका रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, सुरतचे, नाशिकचे, जिथे असतील तिथून येतात. देवीला रोट करायचे असतात. त्यासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू घ्यायचे, ते घरातच, सोवळ्याने दळायचे. बाहेरच्या चक्कीवर ते गहू जात नाहीत. ते रोट भाऊबंदांनीच खायचे. भिका गेला आणि इंदूच्या घरची मूठ बंद झाली. तिच्या घरात मूठ घालायला कोणी पुरुषच राहिला नाही. मी जात्यावर दळायची, पण माझे खांदे गेले. तेव्हा माझे मालक गेल्यापासून आमच्या भाऊबंदांत मोठे असलेले माझे चुलत दीर दौलतआप्पा म्हणाले की इंदूची घंटी घरातलीच आहे, तिच्यावर दळलं तरी चालेल. त्या वर्षीपासून रोटाचं पीठ इंदू दळायला लागली. आदल्या दिवशी घंटी धुऊन पुसून उन्हात ठेवायची, नाहायची, आणि दळून होईपर्यंत कोणाशी बोलायची नाही. मूठ नव्हती, पण सगळ्यांच्या मुठी तिच्या हातून जात होत्या. तिला कानबाईत तेवढीच जागा होती. ती तिने घट्ट धरून ठेवली होती, हे मला दिसत होतं.

कानबाई आमच्या घरी, थोरल्या घरी बसते. ज्या वर्षी ते घडलं त्या वर्षी संजयने घंटी हातगाडीवर घालून आमच्याकडे आणली. देवीसमोर दळलेलं बरं, म्हणून त्याने ती पुढच्या खोलीत ठेवली आणि मोबाईल चार्ज करायला वापरतात तशा पातळ वायरीचा लांब बोर्ड ओढून आणला. त्याच बोर्डावर रोषणाईच्या माळा होत्या, वायर सतरंजीखालून गेलेली. इंदू आली, बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"संज्या, हाई वायर मोबाईलनी शे का घंटीनी? हिन्हावर मी घंटी चालू नही करस."

"काकू, दोन घडीनं काम शे. काय व्हस त्याले?"

"दोन घडीमाच तापस ती. हात लाई देख."

"काकू, तुले लाईटना ऑफिसमा नोकरी लाई देऊ का?"

"लाई दे. पहिले तुन्हंच कनेक्शन कापसू."

सगळे हसले, संजयसुद्धा. पण ती हलली नाही. शेवटी घंटी स्वयंपाकघरात नेली, तिथे गरम पाण्याच्या टाकीसाठी मोठा पॉइंट काढलेला होता. पीठ दळून झालं. मग ती मला म्हणाली, बाई, जरा तुमचा मेनचा बोर्ड बघू. मी स्टूल आणलं. तिने प्लास्टिकच्या चपला घातल्या, मेन बंद केला आणि चिनी मातीचा फ्यूज उपसून माझ्यापुढे धरला. आदल्या वर्षी आरतीच्या वेळी लाईट गेली होती. देवीपुढे अंधार होणं आमच्यात फार वाईट समजतात. ते पुन्हा नको म्हणून संजयने फ्यूजमध्ये तांब्याची तार दुहेरी-तिहेरी पिळून भरून ठेवली होती. एकट्या आमच्या घरचं हे नाही. आमच्याकडे कानबाई जवळ आली की कितीतरी घरांत साड्या काढतात, भांडी घासतात आणि फ्यूजची तार जाड करतात.

"बाई, हाई देख. तांबानी जाड तार भरी ठेयेल शे."

मी म्हटलं, "जाड शे तं बरं. जावाव नही."

"जावाले नको? ती तार जळासाठीच शे. ती नही जळनी तं भिंत जळी."

तिच्याकडे फ्यूजची खरी तार होती, पिशवीतून तिने आणलीच होती. ती घातली, मेन चालू केला. मी स्टूल धरून उभी होते. लपवून काही केलं नाही, दिवसाउजेडी केलं. दोघी मग खीर ढवळायला गेलो.

संध्याकाळी आरतीला पुढची खोली भरून गेली. कानबाईच्या मागे साड्यांचा पडदा, वर माळा, एका बाजूला मोठा स्पीकर. दारात कूलर. मागे सुरतच्या पाहुण्यांनी अंघोळीसाठी दोन बादल्यांत पाण्याचे रॉड लावलेले, कोणी इस्त्री करत होतं, कोणी विजेच्या शेगडीवर चहा ठेवलेला. हे सगळं एका फ्यूजवर. आरती अर्धी झाली असेल आणि खट् करून सगळं गेलं. पंखे, माळा, स्पीकर, सगळं. समोर तेवढा देवीचा दिवा जळत होता. टाळ्या थांबल्या. त्या शांततेत दौलतआप्पांचा आवाज आला.

"फ्यूजले कोनी हात लावा व्हता?"

इंदू दाराशी उभी होती. ती गप्प राहू शकली असती. पण ती बोलली. "मी लावा. खरी तार घाली मी. तिनी तिन्हं काम कयं."

"घरमा धनी नही, मूठ नही, आनि कानबाईपुढे अंधार करस!"

मी म्हटलं, "आप्पा, स्टूल मी धरेल व्हतं. माले बी बोल."

"तू मोठी शेस, वहिनी. तुन्ही गोष्ट येगळी."

झालं. माझी गोष्ट वेगळी, कारण माझा मुलगा त्या घरात उभा होता. दोघींनी मिळून केलेलं काम एकीच्याच माथी आलं. संजयने बॅटरी धरून तांब्याची तार परत पिळली, फ्यूज बसवला, लाईट आली, आरती पुढे चालू झाली. इंदू मागच्या दाराने घरी गेली होती. रोट तिने दळलेल्या पिठाचेच झाले आणि सगळ्यांनी खाल्ले. तिच्या घरी मी नेऊन दिले. तिने ताट घेतलं आणि दार लावलं.

पुढच्या वर्षी दौलतआप्पांनी आपल्या घरी नवी घंटी घेतली आणि रोट तिथे दळायचं ठरलं. इंदूला निरोप दिला की तू ये, बस, जेव, पण दळू नको. ती आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही. कानबाईच्या रविवारी ती आपल्या दारात गवार निवडत बसायची, दर वर्षी, आमच्या स्पीकरचा आवाज ऐकत. मी एकदा तिला समजवायला गेले. म्हटलं, झालं ते झालं, चल. तेव्हा तिने जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द सांगू शकते.

"माले रोट नको, मान नको. मी चुकनी नही, इतलं कोनी तरी कानबाईपुढे सांगाले पाहिजे. तठेच माले बोलनात ना? मंग तठेच सांगा."

मी म्हटलं, मी सांगते. ती म्हणाली, "तू तं तव्हयच सांगं. त्या आयकतस का तुन्हं?" तेही खरं होतं. बायकांनी सांगितलेलं त्या खोलीत मोजलं जात नाही. कोणा पुरुषाने सांगायला हवं होतं, आणि तसा एकही तोंड उघडत नव्हता. दर वर्षी मी संजयला म्हणायची, तो म्हणायचा, माय, जुनी गोष्ट कशाला काढायची. आणि एक गोष्ट खरी सांगते. त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरात काही जळलं नाही. जाड तार होती, सगळं चालत होतं, आरतीला लाईट जात नव्हती. लोकांना वाटायचं, बघा, काय झालं? इंदूला खरं ठरवायला आग लागली नाही. ती तशीच खोटी राहिली.

दिवस गेले. पिठाच्या धुळीने तिचा खोकला वाढला. वैशाली सासरी, शहाद्याकडे. बोलावायची, पण इंदू म्हणायची, घंटी कोण चालवेल. मी संध्याकाळी जाऊन बसायची. दोघी फार बोलायचो नाही. ती वायरीवरून हात फिरवत बसायची, आणि मी तिला म्हणायची की मांजरीसारखी काय कुरवाळतेस...

या उन्हाळ्यात संजयने घरात नवे बोर्ड बसवायचं काढलं. फ्यूजच्या जागी आता आपोआप पडणारं बटण बसवतात, ते. पुढच्या खोलीत कामगाराने भिंतीतली जुनी वायर ओढली तर तिच्यावरचं प्लास्टिक भाजलेल्या पापडासारखं हातात तुटून आलं. आत तांबं उघडं, काळं पडलेलं. कामगार म्हणाला, ही वायर पंख्या-दिव्यांची आहे, हिच्यावर वर्षानुवर्षं कोणी काय काय ओढलं? फ्यूज गेला नाही का कधी? ती वायर ज्या भिंतीतून जाते त्याच भिंतीला टेकून आम्ही कानबाईचा पाट मांडतो, आणि तिथेच साड्यांचा पडदा लावतो. सगळ्या घरातली पोरं त्या पडद्यापुढे बसतात. ते तुकडे हातात घेऊन संजय ओट्यावर येऊन बसला.

"माय, काकू खरी व्हती."

"माले कसाले सांगस? तिले सांग."

"कानबाईपुढे सांगसू. बठ्ठासमोर."

सगळ्यांसमोर सांगतो म्हणाला, तशी मी त्याच पावली इंदूकडे गेले. ती घंटीतलं पीठ झटकत होती. मी सांगितलं तेव्हा आधी तिने विश्वास ठेवला नाही. "इतला वरीसमा अक्कल उनी का त्याले?" मग बराच वेळ पीठ झटकत राहिली, झटकण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. नंतर मागे न बघता म्हणाली, "बाई, मी कोनती साडी नेसू त्या दिवशी?" मी म्हटलं, "तुले कोन देखी ऱ्हायनं?" ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. त्या घटनेनंतर तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. श्रावण लागला तशी ती रोज विचारायची, सुरतचे कधी येणार, आप्पा येणार का, संज्याचं मन बदललं तर नाही ना. संजयचं मन बदललं नव्हतं. त्याने सुरतला फोन करून सगळ्यांना यायला सांगितलं होतं.

कानबाईच्या रविवारला आठवडासुद्धा राहिला नव्हता, तेव्हा ती बाई ज्वारीचा डबा घेऊन माझ्या दारात आली.

सुतक सगळ्या भाऊबंदांना लागलं. सुतकात कानबाई बसत नाही, आणि आमच्यात तो रविवार चुकला की त्या वर्षी मग बसतच नाही. मूठ नसलेल्या बाईसाठी सगळ्यांच्या मुठी थांबल्या. रविवारी संध्याकाळी आजूबाजूच्या घरांतून आरत्या ऐकू येत होत्या. मी पुढच्या खोलीत बसले होते. वैशाली माझ्याजवळ बसली होती, ती रडत होती. मी रडले नाही. मला रडू लवकर येत नाही.

दशक्रियेला प्रकाशा गावी तापीवर गेलो. सुरतचे आले होते, कानबाईसाठी काढलेल्या सुट्टीत. विधी झाल्यावर पुरुष घाटाच्या पायऱ्यांवर बसले. दौलतआप्पा आता थकले आहेत, काठी लागते. पाण्याकडे बघत म्हणाले, "जाता जाता बी कानबाईपुढे अंधार करी गई."

संजय उभा राहिला. "आप्पा, तव्हय काकू चुकनी नही व्हती. मन्ही तार चुकेल व्हती. घर चल, भिंतमाथीन निंघेल वायर दखाडस तुले."

सुरतच्या एकाने मान खाली घातली. आप्पांनी संजयकडे पाहिलंसुद्धा नाही. "हाई आठे कसाले बोलस? नदीवर कानबाई शे का?" म्हणाले, आणि काठी टेकत उठले. त्यांच्या मागून बाकीचे उठले. वैशाली बायकांमध्ये उभी होती. तिने ऐकलं की नाही मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही.

आप्पांचं म्हणणं मला त्या वेळी झोंबलं, आजही झोंबतं. पण इंदूनेही तेच म्हटलं होतं. जिथे बोललात तिथेच सांगा, असं तिचं मागणं होतं. नदीवर तिने काही मागितलं नव्हतं.

वैशाली घंटी शहाद्याला घेऊन गेली. मागच्या गल्लीतली खोली बंद आहे. दळणाच्या बायका आता गावातल्या चक्कीवर जातात. आमच्या पुढच्या खोलीत भिंत उकरून नवी जाड वायर घातली, त्यावर सिमेंटचा पट्टा ओढला आहे. रंग अजून दिलेला नाही. संजय म्हणतो, पुढच्या श्रावणाच्या आधी देऊ. त्या पट्ट्याखाली पाट मांडायची जागा आहे. संध्याकाळी दिवा लावताना मी तिथे उभी राहते, आणि तिथे काही नसतं.

भाऊबंदांत पेपर सगळे वाचतात, म्हणून इथे लिहून टाकते. इंदू चुकली नव्हती. त्या दिवशी लाईट गेली ती जायलाच हवी होती, आणि ती गेली म्हणून आमची भिंत तेवढ्यापुरती वाचली. पण पेपर म्हणजे कानबाई नाही, आणि मी म्हणजे पुरुष नाही. तिने मागितलं होतं ते द्यायचं राहिलं आहे. पुढच्या वर्षी पाट मांडला की संजय बोलेल, सगळ्यांसमोर, आप्पा असोत नसोत. मी असले तर त्याला बोलायला लावीन. ऐकायला ती नसेल.